निवडुंगाच्या पाच फळांचा वाटा

सुगंधा, त्या सकाळी सलीम रिकाम्या हातांनी माझ्या दारात आला, तेव्हा मी आधी तुला शिवी दिली. गच्चीवर माझ्या निवडुंगाची तीन फुलं उघडून तयार होती. आधी फूल पाठवायची पाळी तुझी होती. तुझ्या झाडाच्या कळ्याही टरारून फुगल्यात, आज रात्री उघडणार, हे सलीमनेच आदल्या दिवशी रिक्षा चालवता चालवता बघून मला सांगितलं होतं. म्हटलं, फिरली शेवटी. दोन वर्षं आपलं बोलणं नव्हतं, पण फूल तू कधी चुकवलं नव्हतंस.

"डबा कुठाय?" मी विचारलं.

"डबा नाय आणला, बाय. सुगंधाबाय गेल्या."

"कुठं गेली?"

तो म्हणाला, "पहाटे छातीत कळ आली. चला, मी सोडतो विचुंब्याला."

मी आले. तुझ्या अंगणाच्या भिंतीवरून तुझी चार पांढरी फुलं डोकावत होती. बायकांची रड चालू होती आणि मी फुलांकडे बघत होते. एक तोडून पदराखाली घेतलं असतं तर कोणाला कळलंही नसतं. पण हात लावला नाही. फूल तू द्यायचं आणि मी घ्यायचं, असं आपलं ठरलेलं. आपणहून तोडलं असतं तर ती चोरी झाली असती. उन्हं चढली तशी तुझ्या चारही फुलांनी माना टाकल्या, आणि माझ्या गच्चीवरच्या तिन्हींनी तिकडे टाकल्या.

बाराव्यापर्यंत मी तुझ्या पडवीत येऊन बसत होते. तिथे तुझ्याबद्दल जे काही बोललं गेलं ते ऐकून तूच उठून बसली असतीस. सुगंधा म्हणजे गाय. सुगंधाने कधी कोणाला दुखावलं नाही. मी मान हलवली नाही. तू गाय नव्हतीस. तू पक्की होतीस, हट्टी होतीस, आणि माझ्या बाबतीत तुझं चुकलं होतं. ते तू गेलीस म्हणून बरोबर होत नाही. हे मी इथे लिहून ठेवते, कारण समोर उभं राहून सांगायची सोय तू ठेवली नाहीस.

मी करंज्याची कोळीण. घरची होडी गेली तेव्हा डोक्यावर सुकटीची टोपली घेऊन पनवेलच्या बाजारात येऊन बसले. आज बाजारात माझा स्वतःचा गाळा आहे, खांदा कॉलनीत सगळ्यात वरच्या मजल्यावर घर आहे, त्याच्यावर गच्ची आहे. यातलं काही मला कोणी बक्षीस दिलेलं नाही. भाव कसा करायचा हे बंदरावरच्या लिलावात शिकले. गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आधी ते कुठे येऊन थांबणार हे मला कळतं. तुझं कळलं नव्हतं.

तू पहिल्यांदा आलीस तेव्हा आगोटीची खरेदी चालू होती, बायका पावसाळ्याचं सुकं भरत होत्या. तू एक बोंबील उचललास आणि मोडलास. काटकीसारखा वाजला. आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणालीस, "ओला हाय."

"ओला? कान तपासून घे तुजं."

"कान बरं हायेत. बाजूवाली तुज्याऊन मोठ्यानं वरडते, म्हनून तर इकडं आली."

तीनदा निघून गेलीस, तीनदा परत आलीस, आणि पहिल्यांदा जो भाव बोलली होतीस त्याच भावाने माल घेऊन गेलीस. मी इतकी चिडले होते की तुझ्या पिशवीत एक मूठ जवळा वर टाकला. का टाकला ते मला अजून सांगता येत नाही. पुढच्या आठवड्यात तू आलीस ती म्हणालीस, जवळ्यात रेती होती.

मग निवडुंगाचं सुरू झालं. त्या वर्षांत बाजारात ड्रॅगन फ्रूट नवीन आलं होतं. एकेक फळ कागदात गुंडाळून, दागिना दाखवावा तसं दाखवायचे. मी चौकशी केली तर म्हणाले, निवडुंगाला लागतं. मी त्या नादाने एका नर्सरीत गेले. तिथल्या माणसाने वेलीसारखा पसरणारा निवडुंग न दाखवता खांबासारखा उभा वाढणारा दाखवला. म्हणाला, "काकी, यालापण फळ येतं, आणि मांडवबिंडव काय लागत नाय." मी एकच घेतला, चांगला उंच बघून, आणि घरी आणून त्याचे दहा तुकडे केले. दहा कुंड्या लावल्या. एकाच्या पैशात दहा झाडं, म्हणून आठवडाभर खुशीत होते. तुला सांगितलं तर तूही म्हणालीस, डोकं हाय तुला.

चार वर्षांनी फुलं आली. ताटलीएवढं पांढरं फूल, अंधार पडल्यावर उघडायचं आणि सकाळी उन्हाबरोबर मिटायचं. मी पहाटे उठून या कुंडीतलं फूल त्या कुंडीतल्या फुलाला घासायची, कारण तसं करावं लागतं एवढं ऐकून होते. पण एकही फळ धरलं नाही. चार-पाच दिवसांत देठ पिवळा पडून फूल खाली. मी नर्सरीवाल्याच्या दुकानात जाऊन असा आवाज काढला की रस्त्यावरची माणसं आत आली. त्याने मला खताची पिशवी दिली आणि हात जोडले. खताने निवडुंग जाडजूड झाला, फुलं दुप्पट आली, आणि दुप्पट गळली.

"माज्याकडं पन हाय तसला," तू म्हणालीस. "कुंपनाला लावलाय. फुलं मोठी येतात. फळाचं नाव नाय."

"माज्यावढं फूल नसंल."

"तुज्याऊन मोठं."

एवढंच झालं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तू सलीमच्या रिक्षातून मांडीवर फूल घेऊन माझ्या घरी हजर. गच्चीवर आलीस आणि मोजायला म्हणून तुझं फूल माझ्या झाडावरच्या फुलावर पालथं घातलंस, बांगडीवर बांगडी ठेवून माप बघतात तसं. तुझं बोटभर मोठं निघालं. मी म्हटलं, तू ओढून ताणलंस. तू पुन्हा पालथं घातलंस, चांगलं दाबून. तुझ्या फुलातली पिवळी पूड माझ्या फुलाच्या मधल्या पंज्यावर सांडली. मग आपण चहा प्यायलो आणि तू निघून गेलीस.

सगळी फुलं गळली. ते एक गळलं नाही.

त्याचा देठ हिरवा राहिला, फुगला, लिंबाएवढा झाला, मग मोठ्या पेरूएवढा. पिकल्यावर लालगुलाबी झालं, वर एक काटा नाही, आणि एका सकाळी आपोआप उललं. आत पांढरा गर आणि काळ्या बिया. ताडगोळ्यासारखा थंडावा, पण जास्त गोड. मी सुरीने बरोबर दोन भाग केले. तू तुझा भाग खाल्लास, बिया दातांनी फोडल्यास आणि म्हणालीस, "बरं हाय. पन एवढ्यासाठी चार वर्सं?"

तुझ्या लेकाने, महेशने मोबाइलवर वाचून आपल्याला समजावलं. या निवडुंगाला स्वतःचा पराग चालत नाही, दुसऱ्या झाडाचाच लागतो. माझ्या दहा कुंड्या म्हणजे दहा झाडं नव्हतीच, एकाच झाडाचे दहा तुकडे. तुझा मात्र वेगळा, तुझ्या भावाने गोदीतल्या कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यातून तोडून आणलेला. म्हणजे तुझ्याशिवाय मला फळ नाही आणि माझ्याशिवाय तुला नाही, आणि खांदा कॉलनी ते विचुंबे एवढं अंतर कुठला पतंग उडत जाणार? तू पाच मिनिटं हसत होतीस. मला हसू आलं नाही. दहाच्या दहा कुंड्यांसकट मी तुझ्यावर अवलंबून होते, आणि असं मी कोणावर राहत नाही.

म्हणून मी लगेच वाट्याचं बोलले. आमच्याकडे होडी समुद्रातून आली की आधी वाटे पडतात. होडीचा वाटा होडीवाल्याला, जाळ्याचा वाटा जाळंवाल्याला, आणि हाताचा वाटा जो राबला त्याला. मी म्हटलं, झाड म्हणजे होडी, पराग म्हणजे जाळं, आणि जो पहाटे उठून घासतो त्याचा हात. तुज्या झाडाला माजा पराग मी येऊन लावला, तर दोन वाटे माजे, एक तुजा.

तू म्हणालीस, "आमच्यात तसं नाय. ज्याची जमीन त्याचं पीक. ज्यानं बियानं दिलं त्याला बियानं परत मिलतं, सवाईनं. पीक नाय मिलत."

"तुमी आगरी लोक मातीचा हिशेब दर्याला लावता."

"दर्या कुठं हाय हितं? कुंडी हाय."

मला वाटलं तू गंमत करतेस. पुढच्या हंगामात मी पहाटे स्वतः विचुंब्याला आले, माझी फुलं घेऊन, आणि तुझ्या झाडाला शिडी लावून एकेका फुलाला पराग लावला. शिडी तू धरली होतीस हे मी नाकारत नाही. शिडी धरण्याचा वाटा आमच्याकडे नसतो. पाच फुलांना फळ धरलं. पाचच्या पाच टिकली. मी दर आठवड्याला येऊन बघून जात होते. माझ्या डोक्यात वाटेसुद्धा पडलेले होते: तीन माझी, एक तुझी, आणि पाचव्याच्या तीन फोडी, एक माझी, दोन तुझ्या.

मग तुझ्या धाकट्या लेकीचं डोहाळजेवण आलं. तू मला आग्रहाने बोलावलंस, मी साडी घेऊन आले. आणि बघते तर काय, ओटीच्या ताटात पाच फळं. ओटीला पाच फळं लागतात हे मलाही माहीत आहे. केळी चालतात, सफरचंदं चालतात, पेरू चालतात. तू निवडुंगाची ठेवलीस. सगळ्या बायका विचारत होत्या, हे काय गो नवीन? आणि तू सांगत होतीस, "माज्या झाडाची हायेत. माजा हातगुन."

मी हळदकुंकवाच्या ताटाजवळ उभी राहून म्हटलं, "त्यातले दोन वाटे माजे हायेत."

तू माझ्याकडे बघितलंस आणि शांतपणे म्हणालीस, "पोटुश्या पोरीच्या ओटीतलं मागतेस, हिरा?"

ओटीत पडलेलं फळ परत घेता येत नाही. ते तुला माहीत होतं, म्हणूनच तू ते तिथे ठेवलंस. मी आयुष्यभर भाव केलाय, मला डाव कळतो. तू मला विचारलं असतंस, हिरा, लेकीच्या ओटीत घालू का, तर मी पाचही दिली असती, वर नारळ ठेवला असता. तू विचारलं नाहीस. माझी वस्तू माझ्या देखत दान करून वर मलाच हावरट ठरवलंस. मी साडी तिथेच ठेवली आणि न जेवता निघाले.

आणि तेवढ्यावर भागलं नाही तुझं. चार दिवसांनी सलीमकडून बशी पाठवलीस, वर झाकण. आत काळ्या बिया, धुऊन वाळवलेल्या. निरोप, "बियानं सवाईनं परत." मी ती बशी गच्चीच्या कठड्यावरून उलटी केली. बिया कुठे पडल्या मला माहीत नाही. बशी मात्र फोडली नाही, चांगली होती, ती परत पाठवली.

त्यानंतर आपण बोललो नाही. बाजारात तू समोरच्या बाईच्या गाळ्यावर जायला लागलीस. तिचे बोंबील खरंच ओले असायचे आणि तू ते मुकाट्याने घ्यायचीस. मला ते बघवत नव्हतं.

पुढच्या मोसमात एका सकाळी सलीमने स्टीलचा डबा आणून दिला. आत तुझ्या झाडाचं फूल, ताजं. निरोप काही नाही. मी सलीमला विचारलं, काय म्हणाली? तो म्हणाला, "काय नाय बोलल्या. फक्त सांभालून ने म्हनाल्या." मी डबा फिरवून फिरवून बघितला, यात काय डाव आहे म्हणून. मग पराग वापरला. आणि रिकामा डबा मी कोणाला पाठवत नाही, म्हणून माझं फूल त्यात ठेवून परत दिला. पुढच्या वेळी मी आधी पाठवलं, त्याच्या पुढच्या वेळी तू. असं दोन वर्षं चाललं. ज्याच्या झाडाला फळ त्याचं फळ, कोणी कोणाकडे मागितलं नाही. म्हणजे दोन वर्षं आपण तुझाच रिवाज पाळत होतो, सुगंधा. ते माझ्या लक्षात आलं होतं. मी बोलले नाही, कारण बोलायचं म्हणजे आधी तुझ्या दारात यावं लागलं असतं.

माझी एकच अट होती, आणि ती मी कोणाला सांगितली नव्हती. तू एकदा म्हणायचं, हिरा, त्यात तुझा वाटा होता. फळं नकोत, काही नको, फक्त तेवढं म्हणायचं. मला वाटत होतं, वेळ आहे.

बाराव्याला जेवणं उरकल्यावर महेश मला म्हणाला, "काकी, दिवाळीनंतर बिल्डरचं काम चालू व्हणार. हे घर, भिंत, समदं पाडायचं."

"आणि निवडुंग?"

"त्याचं काय? मशीन येईल, काढून टाकंल."

तुझं झाड गेलं की माझ्या दहा कुंड्या नुसत्या फुलणार आणि गळणार, मी जिवंत असेपर्यंत. आणि खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. तुझं म्हणून जे काही माझ्याकडे येत होतं, ते त्या झाडातूनच येत होतं.

"मला दे," मी म्हटलं.

"न्या की. फुकट न्या. उलट आमची तोडायची मजुरी वाचली."

मी भडकले. बाराव्याचं घर आहे हे विसरले. "फुकट कोणी मागितलं तुज्याकडं? माजा वाटा हाय त्या झाडात. दान म्हणून नको, माजं म्हणून दे."

तो बावचळला. "काकी, काय बोलता तुमी? झाड आमचं, भिंत आमची..."

"अहो, त्या पाच फळांचं बोलतायत त्या," आतून तुझी सून म्हणाली. रूपाली हात पुसत दारात आली. कामोठ्याच्या ऑफिसात जाते, बोलणं एकदम साफ. मला वाटायचं तिला यातलं काही माहीत नसेल.

मी तिला विचारलं. विचारायचं नव्हतं, तोंडातून गेलं. "काय म्हणायची ती? शेवटी शेवटी काय म्हणाली त्याबद्दल?"

रूपालीने महेशकडे बघितलं. "खरं सांगू?"

"खोटं ऐकायला बारा दिवस बसले नाही मी."

"म्हणायच्या, हिराला भाव कळतो, रिवाज कळत नाही. फळं माझी होती आणि माझीच राहणार. गेल्या खेपेलाही म्हणाल्या. तुमच्यासाठी फूल काढून डब्यात ठेवताना."

मी तिथेच भिंतीला टेकून बसले आणि हसले. मग जे व्हायचं ते झालं, पहिल्या दिवशी झालं नव्हतं ते. रूपालीने पाणी आणून दिलं. ती घाबरली, तिला वाटलं तिने मला दुखावलं. तिला कसं सांगू? मला भीती होती की ती म्हणेल, आईंनी जाता जाता कबूल केलं, काकींना सांगा माझं चुकलं. तसं ऐकलं असतं तर मी म्हटलं असतं, ही दुसरीच कोणीतरी बाई मेली. तू जशी होतीस तशीच गेलीस, एक पैसा खाली न उतरता. अशा माणसाशी भाव करायला मजा येते. पुन्हा मिळायचं नाही मला असं गिऱ्हाईक.

दुसऱ्या दिवशी मी सलीमला आणि एक करवत घेऊन आले. महेशने वरून तोडलं, आम्ही खाली गोण्या धरल्या. शेराच्या झाडासारखा पांढरा चीक याला येत नाही, नुसता बुळबुळीत रस. चांगले हातभर तुकडे केले. रूपाली बाजूला उभी होती. म्हणाली, "एक मला ठेवा. नव्या फ्लॅटला बाल्कनी आहे."

"ठेवते. पण फूल आलं की पाठवायचं."

"पाठवीन. सकाळी सातला माझी बस असते, त्याच्या आत न्यायचं. आणि तुम्हीही पाठवायचं. फळं निम्मी-निम्मी."

"निम्मी कशी? पराग माजा, हात माजा."

"बाल्कनी माझी. हप्ता मी भरणार."

सलीम गोणी खाली ठेवून हसायला लागला. मी त्याला गप्प केलं आणि रूपालीला म्हटलं, हे आपण फूल आल्यावर बघू. तिने मान हलवली, पण हो म्हणाली नाही. शिकेल ती.

तुझ्या झाडाचे तुकडे आता माझ्या गच्चीच्या जिन्याखाली सावलीत उभे करून ठेवलेत. कापलेली बाजू पुरती सुकल्याशिवाय मातीत लावायची नाही, नाहीतर कुजते. लावल्यावर मुळं धरतील, मग वाढतील, मग कधीतरी फुलतील. मला घाई नाही. माझी तब्येत ठणठणीत आहे आणि गच्ची माझ्या नावावर आहे.

त्या पाच फळांबद्दल माझं म्हणणं आजही तेच आहे. दोन वाटे माझे होते. तुझं म्हणणं काय होतं तेही मला तोंडपाठ आहे, शब्दन् शब्द, तुझ्या आवाजासकट. पण ते मी बोलून दाखवणार नाही. समोरच्याच्या बाजूने मी कधी भाव बोललेले नाही. तेवढं तुझं तू बोलायचं होतंस. त्या जागी मी आता कोणाला उभं करणार नाही, तुझ्या सुनेलासुद्धा नाही.